बंब का विझतो?

डोक्याला शाम्पू लागलेला असतो, डोळे घट्ट मिटलेले असतात आणि नेमकं तेव्हाच नळाचं पाणी गार पडतं. भिंतीवरच्या पांढऱ्या डब्यातून टक-टक-टक असा आवाज येतो, भप्पकन निळी ज्योत पेटते, दहा-पंधरा सेकंद टिकते आणि पुन्हा विझते. बाहेर रत्नागिरीचा आषाढ कोसळत असतो. घरात तर्क सुरू होतात. सिलिंडर संपला असेल. सेल गेले असतील. टाकीतलं पाणी कमी असेल. मेकॅनिकला फोन लावा.

आमच्या घरी हा प्रकार झाला तेव्हा आजीने बाहेरून एकच प्रश्न विचारला, "खिडकी लावून घेतलीस काय रे?"

लावलीच होती. पावसाची झड आत येत होती. आजीने गॅस गिझर आयुष्यात कधी चालू केलेला नाही, ती अजूनही त्याला 'तो डबा' म्हणते. पण पन्नासेक वर्षं तिने आधी चूल आणि मग बंब पेटवून घरादाराचं पाणी तापवलं होतं. आग विझली की आधी इंधन बघायचं, मग हवा बघायची आणि यंत्राला शिव्या सगळ्यात शेवटी घालायच्या, हा तिचा क्रम ठरलेला होता. तो क्रम आला कुठून हे शोधायला गेलं, तर रत्नागिरीतल्या न्हाणीघराचा शे-दीडशे वर्षांचा इतिहास हाती लागतो.

हंडा आणि ओलं लाकूड

कोकणातल्या जुन्या घरात आंघोळीचं पाणी तापवायची जागा स्वयंपाकाच्या चुलीपासून वेगळी असे. न्हाणी घराच्या मागच्या अंगाला, बहुतेक वेळा पडवीला लागून. तिचं सांडपाणी पन्हळीतून केळीच्या किंवा नारळाच्या आळ्यात जाई. न्हाणीच्या कोपऱ्यात जांभ्या दगडाची चूल आणि तिच्यावर काळाकुट्ट झालेला हंडा. वर कौलं, आणि कौलांच्या फटींतून धूर हळूहळू बाहेर निघत असे. ही कौलं पुढे महत्त्वाची ठरणार आहेत.

चांगलं लाकूड स्वयंपाकाच्या चुलीला जाई. न्हाणीच्या चुलीच्या वाट्याला जे उरेल ते: नारळाची सोडणं, करवंट्या, चुडतं, काजूच्या वाकड्यातिकड्या फांद्या, बागेतला पातेरा. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल फारच थोडं, रानं जवळजवळ सगळी खासगी मालकीची. त्यामुळे जळण म्हणजे आपल्या बागेत, परड्यात किंवा डोंगरातल्या आपल्या तुकड्यावर जे पडेल ते. ज्याच्याकडे तुकडा नाही त्याने दुसऱ्याच्या बांधावरून काटक्या वेचायच्या, नाहीतर मोळी विकत घ्यायची.

रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणून मे महिन्यात आंबे उतरवण्याच्या धांदलीतच लाकूडफाट्याची बेगमी करावी लागे. पडवीत ढीग, माळ्यावर ढीग, चुलीच्या वरच्या फळीवर उद्या-परवाचं जळण. तरी श्रावण उजाडेपर्यंत लाकूड हवेतला ओलावा पिऊन जड झालेलं असे.

ओलं लाकूड पेटत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. का, ते मात्र आकड्यांत बघण्यासारखं आहे. एक किलो पाणी गोठणबिंदूपासून उकळीपर्यंत आणायला जितकी उष्णता लागते, त्याच्या पाचपटीहून जास्त उष्णता त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला लागते. ताज्या तोडलेल्या लाकडाचं जवळपास निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. म्हणजे ओलं लाकूड चुलीत सारलं की आग हंड्यातलं पाणी तापवण्याआधी लाकडातलं पाणी उडवत बसते. त्यात तिची ताकद संपते, ज्योत जाते आणि उरतो तो धूर. मग फुंकणी, मग ठसका, मग डोळ्यांतून पाणी.

म्हणूनच विस्तव जपणं हे एक काम होतं. रात्री निजताना जाडसा निखारा राखेत पुरायचा आणि सकाळी राख बाजूला करून त्यावर करवंटीचा तुकडा ठेवून फुंकायचं. राखेखाली निखाऱ्याला हवा अगदी बेताची मिळते, म्हणून तो भडकत नाही आणि मरतही नाही. तो मेलाच तर शेजारी विस्तव मागायला जायचं. आगपेट्या घरोघरी आल्यावरही पावसाळ्यात काड्या सादळत, म्हणून ही सवय बरीच वर्षं टिकली.

पुरुषांपैकी बरेचजण मुंबईत, गिरणीत किंवा गोदीत. गावचं घर, त्यातली माणसं आणि त्यांची आग सांभाळायची ती बायकांनी. चूल पेटली नाही तर दोष लाकडाला जात नसे. सून आळशी, तिला विस्तव राखता येत नाही, असं म्हटलं जाई. लाकूड किती सुकलंय, चुलीचं तोंड कुठल्या वाऱ्याकडे आहे, हे प्रश्न कुणी विचारत नसे. बायकांना त्यांची उत्तरं मात्र माहीत होती.

नळी असलेलं भांडं

मग बंब आला. आजही जुन्या घरात माळ्यावर, नाहीतर एखाद्या रिसॉर्टच्या दारात शोभेला मांडलेला दिसतो. तांब्याचं किंवा पितळेचं पिंपासारखं भांडं, खाली तोटी आणि बरोबर मधून वरपर्यंत गेलेली उभी नळी. नळीच्या तळाशी जाळी, जाळीखाली राख पडायची जागा. विस्तव नळीच्या आत आणि पाणी नळीच्या भोवती. रशियातला चहाचा समोवार याच तत्त्वावर चालतो.

'बंब' हा शब्द पोर्तुगीज 'बोंबा'शी, म्हणजे पाण्याच्या पंपाशी जोडला जातो. आग विझवायला धावतो तो बंब आणि न्हाणीत आग पोटात घेऊन बसतो तोही बंब, ही मराठीची गंमत आहे. घडवणारे तांबट. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी या कामासाठी प्रसिद्ध. तिथल्या तांबटांचे पूर्वज पेशवाईत कोकणातून वर गेले, असं सांगितलं जातं. म्हणजे कारागीर घाट चढून गेले आणि त्यांच्या हातचा बंब घाट उतरून परत कोकणात येत राहिला.

बंबाने एक मोठी गोष्ट केली. हंड्याखालच्या उघड्या चुलीत निम्म्याहून जास्त उष्णता आजूबाजूला निघून जाते. बंबात आगीला चारही बाजूंनी पाण्याचा वेढा पडला. थोड्या जळणात जास्त पाणी तापू लागलं. शिवाय नळी स्वतःच धुरांड्याचं काम करते: आतली गरम हवा हलकी होऊन वर जाते, तिच्या जागी खालून जाळीतून ताजी हवा ओढली जाते. पेटलेला बंब फुंकावा लागत नाही, तो स्वतःच श्वास घेतो.

पण त्याचा श्वास अडकला की तो विझतो, आणि अडकायच्या जागा ठरलेल्या. खाली राख साठली की हवा आत शिरत नाही. वरून हावरटासारखी सोडणं कोंबली की नळी बुजते. भोवती गार पाणी असल्याने नळीच्या भिंती थंड राहतात, धूर तिथे आदळून काजळी आणि डांबरासारखा चिकटा धरतो आणि महिन्या-दोन महिन्यांत नळी आतून अरुंद होते. पहिली दहा मिनिटं सगळ्यात अवघड: नळी गार, हवेला ओढ नाही, धूर वर जायच्या ऐवजी खालूनच बाहेर येतो. त्यावर उपाय म्हणजे सुरुवातीला कागद किंवा चुडताची एक मूठ पेटवून नळी गरम करायची आणि मग हळूहळू जळण वाढवायचं.

ज्या घरी बंब होता त्या घरच्या बायकांना हे सगळं हातानं माहीत होतं. राख काढलीस काय? नळीत बांबू घातलास काय? पाणी भरलंस काय? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण रिकामा बंब पेटवला तर त्याचे डाग सुटून तो गळू लागतो. ही क्रमवार तपासणी होती, कुठल्याही यंत्राच्या पुस्तिकेत शेवटच्या पानांवर असते तशी. फक्त ती छापलेली नव्हती. दिवाळीच्या आदल्या दिवशी चिंचेनं किंवा आमसुलाच्या पाण्यानं बंब घासला जाई, तेव्हा नळीही साफ होई. नरकचतुर्दशीला पहाटे तुळशीपाशी कारीट फोडून आलेल्या माणसांना जे कडकडीत पाणी मिळे, त्यामागे ही साफसफाई असे.

धुराचा हिशेब

इथे जुन्या दिवसांच्या आठवणीत रमायचा मोह होतो. तो टाळायला हवा, कारण धुराची किंमत कुणाच्या तरी फुप्फुसांनी मोजली.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ या अमेरिकन संशोधकाने भारतीय सहकाऱ्यांसोबत गुजरातमधल्या चार खेड्यांत चुलीपुढे बसणाऱ्या बायकांच्या श्वासात किती धूर जातो ते मोजलं. १९८३ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तोवर प्रदूषण म्हणजे गिरण्यांची धुराडी आणि शहरातल्या गाड्या, असाच समज होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसं अकाली मेली.

त्याच दशकात सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००२ मध्ये तो थांबेपर्यंत देशभर ३ कोटींहून जास्त चुली बसवल्या गेल्या. महाराष्ट्रात या विषयाशी घट्ट जोडलेलं नाव डॉ. आनंद कर्वे यांचं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरुडचे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते नातू. त्यांनी स्थापन केलेल्या पुण्याच्या 'आरती' या संस्थेने सुधारित चुलींपासून घरगुती बायोगॅसपर्यंत बरंच काम केलं आणि तिला २००२ आणि २००६ मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला.

पण बसवलेल्या चुलींपैकी पुष्कळ काही वर्षांत बंद पडल्या. एक मोठं कारण अगदी बंबासारखंच होतं: धुरांडं काजळीनं बुजलं, ते साफ करायचं कसं आणि कुणी हे ठरलेलं नव्हतं, चूल धुमसू लागली. मग बाईने धुरांड्याची चूल सोडून आपली जुनी चूल पुन्हा मांडली. चूल बसवणाऱ्यांनी 'ती विझते का?' हा प्रश्न ती वापरणारीला पुरेसा विचारला नाही.

लंडनचा रंगारी

आता रत्नागिरीपासून थोडं लांब जाऊ, कारण भिंतीवरच्या डब्याचं मूळ तिकडे आहे. १८६८ साली लंडनमध्ये बेंजामिन वॅडी मॉन नावाच्या सजावटीची रंगकामं करणाऱ्या माणसाने गॅसवर पाणी तत्काळ तापवणारं यंत्र काढलं. आइसलँडमधल्या उसळत्या गरम झऱ्यांच्या नावावरून त्याने त्याला 'गीझर' म्हटलं. वरून गार पाणी यायचं, खालून येणाऱ्या गरम वायूंनी तापायचं आणि टबात पडायचं. भांड्यात साठवणं नाही, वाट बघणं नाही.

एक गोष्ट मात्र त्याने ठेवली नव्हती: धुरांडं. जळालेला वायू न्हाणीघरातच राहायचा. गॅसचा धूर दिसत नाही, डोळ्यांना झोंबत नाही, म्हणून तो बाहेर काढायची निकड कुणाला वाटली नाही. पुढच्या यंत्रांत सुधारणा होत गेल्या. ज्योत आहे की नाही हे यंत्राला कळावं यासाठी १८२१ मधल्या एका शोधाचा उपयोग झाला: दोन वेगळ्या धातूंचा सांधा तापवला की वीज निर्माण होते, हे टॉमस झेबेकने बर्लिनमध्ये दाखवलं होतं. ज्योतीत असा सांधा ठेवायचा. ज्योत असेतो बारीकशी वीज वाहते आणि गॅसची झडप उघडी राहते. ज्योत गेली, सांधा निवला की झडप आपोआप बंद. म्हणजे यंत्र विझणं हा बिघाड असतोच असं नाही, यंत्राला तसं शिकवलेलं असतं. न पेटलेला गॅस खोलीत साठू नये म्हणून.

भारतात सिलिंडरमधला गॅस १९५५ मध्ये मुंबईत बर्मा शेलने 'बर्शेन' या नावाने आणला. कोकणात तो हळूहळू आला, आणि बरेचदा चाकरमान्यांच्या मागोमाग: मुंबईच्या खोलीत गॅस बघितलेला मुलगा गावी आईच्या ओट्यावर तो हवा म्हणू लागला. कनेक्शनसाठी वर्षानुवर्षं वाट बघावी लागण्याचा तो काळ. तेव्हा गॅसवर पाणी तापवणं म्हणजे उधळपट्टी. त्यामुळे स्वयंपाक गॅसवर आणि आंघोळ लाकडावर, ही वाटणी अनेक घरांत राहिली. गावाकडे ती अजूनही दिसते. शहरातल्या नव्या इमारतींत मात्र चुलीला जागाच नव्हती. तिथे न्हाणीची बाथरूम झाली: चार फूट बाय सहा फूट, छताला स्लॅब, हातभर झरोका, आणि भिंतीवर डबा.

डबा का विझतो

तर परत त्या शाम्पूकडे. आजच्या डब्यात बहुधा दोन जाडे सेल असतात. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा सरकतो, त्याने एक खटका दाबला जातो, ठिणगी पडते आणि गॅसची झडप उघडते. ज्योतीत एक बारीक धातूची काडी असते. ज्योतीतून विजेचा अगदी सूक्ष्म प्रवाह वाहू शकतो, तो या काडीवाटे ओळखला जातो. प्रवाह थांबला की गॅस बंद.

आजीच्या क्रमाने बघायचं तर आधी इंधन. सिलिंडर संपत आला की ज्योत बुटकी होते. काश्मीरच्या थंडीत सिलिंडरमधल्या गॅसची वाफ नीट होत नाही, पण रत्नागिरीत ती सबब चालत नाही. मग यंत्र. गच्चीवरची टाकी जेमतेम डोक्यावर असली की वरच्या मजल्याला दाब पुरत नाही आणि पडदा सरकून परत येतो. पावसाळ्यात गढूळ पाण्याने गाळणीची जाळी भरते. खाऱ्या हवेने काडीवर आणि सेलच्या पट्ट्यांवर गंज चढतो, ज्योत असूनही यंत्राला ती 'दिसत' नाही. बर्नरच्या भोकांत कोळी जाळी करतो. सेल उतरले की ठिणगी पडते पण झडप धरून ठेवायला जोर राहत नाही. यातल्या निम्म्या गोष्टी मऊ ब्रश, नवे सेल आणि धुतलेली गाळणी यांनी सुटतात. गॅसच्या जोडण्या मात्र जाणकारानेच उघडाव्यात.

आणि उरली हवा. सिलिंडरमधल्या गॅसच्या एका भागाला पूर्ण जळायला साधारण पंचवीस ते तीस भाग हवा लागते. बंद खोलीत ती भराभर संपते. आपल्याकडे पेवात किंवा जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील खाली सोडून बघायची रीत होती: कंदील विझला तर माणसाने उतरायचं नाही. हवेतल्या प्राणवायूचं प्रमाण एकवीस टक्क्यांवरून सतरा-सोळापर्यंत उतरलं की ज्योत टिकत नाही.

पण खरा धोका कंदील विझण्याच्या आधीच्या टप्प्यात आहे. हवा कमी पडू लागली की ज्योत लगेच मरत नाही. ती अर्धवट जळू लागते, निळ्याची पिवळी होते आणि कार्बन मोनॉक्साइड सोडू लागते. त्याला रंग नाही, वास नाही. गळका गॅस कळावा म्हणून सिलिंडरमध्ये मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो, पण जळून तयार होणाऱ्या या विषाला तसा वास नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला ते प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतं. इंग्लंडमध्ये जे. एस. हाल्डेन यांनी १८९० च्या दशकात ते स्वतःच्या शरीरावर तपासलं आणि खाणीत पिंजऱ्यातले छोटे पक्षी न्यायचा सल्ला दिला, कारण दिव्याला हे विष ओळखता येत नाही. ब्रिटिश खाणींमध्ये ते पक्षी १९८६ पर्यंत होते. आपल्या बाथरूममध्ये पक्षी नसतो. डब्यातल्या काडीला ज्योत आहे एवढंच कळतं, माणूस खाली बसलाय हे तिला कळत नाही. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात, आणि कडी आतून लावलेली असते. थंडीच्या दिवसांत वर्तमानपत्रात येणारी ती चार ओळींची बातमी अशी घडते.

इथे न्हाणीची कौलं आठवायची. चूल होती, धूर होता, डोळे जळत होते, पण कौलांच्या फटी होत्या. बंब तर बरेचदा पडवीत किंवा अंगणातच पेटायचा आणि पाणी बादलीने न्हाणीत यायचं. धूर वाईट होताच, पण तो खोकायला लावून माणसाला बाहेर काढायचा. आंघोळ करणारा माणूस आणि आग, दोघं एका बंद, घट्ट खोलीत पहिल्यांदा आले ते आपल्या पिढ्यांमध्ये. आणि पावसाची झड, डास, साप यांच्या भीतीने उरलेला झरोकाही आपण पुठ्ठ्याने बुजवतो.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दापोली, मंडणगडकडच्या कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. नारळी-पोफळी आडव्या झाल्या होत्या. जळण अंगणभर पडलं होतं, पण सगळं ओलं. अशा वेळी सुकं लाकूड माळ्यावर राखून ठेवलेल्या घरांत गरम पाण्याची सोय उरते, आणि विस्तव कसा धरायचा हे तिथल्या म्हाताऱ्यांना विचारावं लागतं.

आमच्या डब्यात त्या दिवशी नेमकं काय बिघडलं होतं? मेकॅनिक आला, त्याने सेल बदलले, काडी घासली, ज्योत टिकली. पैसे घेऊन निघताना त्याने झरोक्यातला पुठ्ठाही काढून टाकला आणि डबा बाथरूमच्या बाहेर, गॅलरीत हलवून घ्या म्हणाला. तोवर बादली भरून घ्या, गिझर बंद करा आणि मगच आंघोळीला बसा.

आजी म्हणाली, "म्हंजे बंबासारखंच की."